ओस्पिना बाईंच्या तमालमध्ये केस

हे मी लिहिणारच नव्हतो. पण माझा दोस्त यीसिद म्हणाला, "फेर्नेय, तू नाही लिहिलंस तर मी गावभर सांगत सुटेन!" त्यापेक्षा आपणच लिहिलेलं बरं.

पण एक आधीच सांगतो. झाडपाला सुकवण्यात अख्ख्या इबागे शहरात माझा हात कुणी धरणार नाही! शिकवलं कुणी नाही, बघून बघून शिकलो. म्हणून विद्यापीठातलं सुकवायचं कपाट बंद पडलं तेव्हा तिथे झाडं शिकवणाऱ्या ओस्पिना बाईंना ऐटीत म्हटलं, "द्या ते नवं झाड इकडे! मावशीच्या चुलीशेजारी पापडासारखं सुकवतो."

झाड कर्दळीसारख्या रुंद पानांच्या कॅलाथियाच्या खानदानातलं, पण कुठल्याच यादीत नसलेलं. यीसिदने कड्यावरून उपटून आणलं, आणि उतरताना पाय मोडून घेतला. बाई म्हणाल्या, "याला तुझंच नाव देते." झालं! यीसिदच्या आईने गल्लीत सांगितलं, पाद्रीबाबांनी चर्चमध्ये जाहीर केलं. फक्त नियम असा की, सुकवलेला नमुना विद्यापीठाच्या संग्रहात जमा झाल्याशिवाय नाव नाही.

रविवारी पानं-फूल मावशीच्या ओट्यावर ठेवलं आणि ते दाबायला जुने पेपर मागायला शेजारी गेलो. तिथे मॅच चालू. तीन तास गेले! परत येतो तर मावशीने बोलावलेले बाई आणि यीसिद जेवायला बसलेले. मावशी मक्याच्या पिठात डुकराचं मांस घालून, पानात बांधून उकडलेले तमाल वाढतेय.

पहिल्याच घासाला बाई थांबल्या. तोंडातून काहीतरी ओढून काढलं.

"केस!"

"माझ्या तमालमध्ये?" मावशी कढईसारखी तापली. "चाळीस वर्षांत निघाला नाही!"

बाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. "रुबिएलाताई, हा माणसाचा नाही. पानाचा आहे." मग तमालचं उकडून काळपट पडलेलं पान उलटं केलं आणि किंचाळल्याच, "अशी लव कुठल्याच कॅलाथियाला नसते! आणखी एक नवी जात! कुठल्या बाजारातून आणली पानं?"

"बाजारातली कमी पडली हो. मग यानेच आणलेली घेतली ओट्यावरची. काय रुंद होती!"

माझ्या हातातले पेपर खाली. बाई पांढऱ्याफटक. यीसिद ताटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे... हे माझं नाव आहे? डुकराच्या चरबीत?"

"पुसून सुकवू?" मी.

"दोन तास उकडलेलं? संग्रहातले किडे पंगतीला बसतील!"

"आणि फूल?"

"ते मेरीमातेपुढे ठेवलंय," मावशी म्हणाली. "फूल कुणी शिजवतं का?"

"नुसत्या फुलावर भागत नाही," बाई म्हणाल्या. "पान हवंच. कुणीतरी परत कडा चढायला हवा."

सगळ्यांनी यीसिदच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं!

"जातो," मी म्हणालो.

"थांब," यीसिद म्हणाला. "बाई, वर जाऊन हा पडला, तर नाव कुणाचं?"

आणि बाई विचारात पडल्या! विचारात!! "तसं बघायला गेलं तर..."

यीसिदने पेन काढून पाय पुढे केला. "लिही."

मी प्लास्टरवर लिहिलं, सहीसकट: पडलो, मोडलो, मेलो, तरी नाव यीसिदचंच.