सात लांडगे आणि एक स्नोबोर्ड

मेदेरबेकचे दोन्ही पाय स्नोबोर्डला करकचून आवळलेले होते, अंगात घरातली ढगळ विजार होती, आणि दिवाणखान्यातल्या लोकरीच्या नमद्यावर गुडघे वाकवून, हात पसरून तो मनातल्या मनात डोंगर उतरत होता. नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. टुणटुण उड्या मारत आतल्या खोलीत पळावं, तर फळीचं टोक चहाच्या मेजाला अडत होतं. वाकून पट्टे सोडावेत, तर पंचेचाळिशीतलं पोट मध्ये येत होतं.

"बुरुल! आधी कोण आहे ते बघ! दार उघडू नकोस!"

बायकोनं दार उघडलंसुद्धा. आत आला तो तलांत, मेदेरबेकच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. एकतीस वर्षांचा, गुरांचा डॉक्टर, दारातून तिरकं होऊन शिरावं लागेल असा देह.

"सलाम, मामा! अरे वा, घरातच बर्फ पडलं की काय?"

"ये, ये. बस ना," मामा म्हणाला. त्याला स्वतःला बसता येत नव्हतं.

तलांतनं फळीभोवती एक फेरी मारली, गाय तपासावी तशी तिची कड चाचपली आणि म्हणाला, "मामा, ही मला द्या."

झालं! संपलंच सगळं. भाच्यानं मामाच्या घरात एखाद्या वस्तूवर बोट ठेवलं की ती वस्तू त्याची. नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हणणाऱ्याच्या घरची बरकत जाते. आणि एकदा दिलेलं परत मागणाऱ्याचं काय होतं, ते तर म्हातारी माणसं सांगतसुद्धा नाहीत. उगाच का म्हण पडली, 'भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे'? लांडग्यांवर निदान बंदूक तरी झाडता येते.

"अरे, तू कधी या फळीवर उभा राहिलायस का?"

"राहीन की."

"पट्टे उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी बसवलेत."

"मामा, चार पायांच्यांशी जमवून घेतो मी. मला डाव्या-उजव्याचं काय सांगता?"

बुरुल मान खाली घालून चहा ओतत होती. जी बाई पाव्हण्याला मोज्यावर धूळ असली तरी नमद्यावर पाय ठेवू देत नसे, ती आज नवऱ्याला बुटांसकट उभा राहू देते, यातच मेदेरबेकनं काय ते ओळखायला हवं होतं. पण तो बिचारा घरात बूट रुळवण्यात दंग होता.

वीस वर्षांपूर्वी काराकोलच्या वरच्या डोंगरावर त्याचा एक रविवार चुकत नसे. स्वतःची फळी मात्र कधीच नव्हती. कधी भाड्याची, कधी मित्राची. बूट तर नेहमीच दुसऱ्या कुणाचे, आत दोन-दोन मोजे कोंबून घातलेले. मग एकदा खांद्याचं हाड मोडलं. पाठोपाठ लग्न झालं, मुली झाल्या, पाणीपुरवठा कचेरीतली नोकरी लागली, आणि डोंगर खिडकीतून बघण्यापुरता उरला. यंदा धाकटीही शिकायला राजधानीत, बिश्केकला गेली. रविवार खायला उठू लागला, तसा तो एक दिवस उठून दुकानात गेला.

"आधी बूट, काका," दुकानातली मुलगी म्हणाली होती. "टाच उचलली जायला नको, बोटं पुढे नुसती टेकायला हवीत. फळीचं नंतर बघू." तासभर तो ते बूट घालून दुकानात बसून राहिला. मग हनुवटीला लागेल एवढी, त्याच्या रुंद पावलांना पुरेल अशी फळी निघाली. एवढ्या आयुष्यात डोंगरासाठी म्हणून स्वतःच्या मापाचं त्यानं पहिल्यांदाच काही घेतलं होतं. त्या रात्री त्याला आनंदानं झोप आली नाही.

आणि आता ती फळी भाच्याच्या गाडीच्या टपावर चढली होती. "बूट काही मला व्हायचे नाहीत, ते राहू द्या," एवढी दया तलांतनं दाखवली.

खिडकीतून बघताना मेदेरबेकला खरं तर संताप यायला हवा होता. पण गाडी वळणाआड गेली आणि त्याच्या छातीतला एक दगड अलगद खाली उतरला. सुटलो! आता त्या उतारावर उभं राहायला नको, पडायला नको, दहा वर्षांच्या पोरांसमोर शोभा करून घ्यायला नको. त्याला स्वतःची लाज वाटली. मग हळूहळू तीही वाटेनाशी झाली.

सोमवारी तो कचेरीत म्हणाला, "काय करणार, भाच्यानं मागितली! नाहीतर येत्या रविवारी मी वरच असतो." बुधवारपर्यंत तो न उतरलेला उतार बराच उभा झाला होता. शुक्रवारी त्यानं ही हकिगत पाववालीलाही सांगितली, आणि पाववालीकडून ती बुरुलच्या कानी आली.

शनिवारी सकाळी बुरुलनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती समोरच बसली.

"अहो, फळी गेली त्याचं तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण रीत म्हटल्यावर..."

"रीत गेली खड्ड्यात. तलांतला मीच बोलावलं होतं."

मेदेरबेकनं चहाचा वाडगा खाली ठेवला.

"मीच फोन केला. म्हटलं, ये आणि माग. तुमचं हाड मोडलं तेव्हा आपलं लग्न झालं नव्हतं. लांबूनच रडले नि गप्प बसले. आता काही झालं तर? मला वाटलं, तुम्ही घर डोक्यावर घ्याल, महिनाभर बोलणार नाही. सोसलं असतं मी. पण तुम्ही तर गावभर खुशीत सांगत सुटलात!"

तो म्हणाला, "भीती वाटते गं."

"ती मला वाटते. ते खातं माझ्याकडे आहे. दोघांनीही घाबरून बसायचं म्हटलं, तर या घरात करायचं काय?" तिनं ताजी रोटी फडक्यात बांधली. "उठा. तलांतच्या घरात फळीला जागा नव्हती. गाय तपासायला गेला तेव्हा तुमच्या ओस्मोन मामांना देऊन आला. आता ती त्यांची आहे. आणि तुम्हीही कुणाचे तरी भाचे आहात."

ओस्मोन मामा म्हणजे मेदेरबेकच्या आईचे भाऊ. वय ब्याऐंशी. आक-सू गावात त्यांचा गोठा चढावर आणि गवताची गंजी खाली ओढ्याकाठी. दोघं पोचले तेव्हा म्हातारा दोरीनं काहीतरी वर ओढत होता. मेदेरबेकच्या मापाची ती फळी गवताच्या पेंढीखाली दबली होती आणि तिच्या नव्याकोऱ्या पट्ट्यांत शेण भरलं होतं.

"ये रे, ये! सूनबाई, या! बघा, कशी लोण्यासारखी चालते!" मामांचा चेहरा उजळला होता. "साठ वर्षं पाठीवरून गवत वाहिलं मी. आता रिकामी तर आपली आपण खाली पळते. डॉक्टर असावा तर असा!"

मेदेरबेकनं बुरुलकडे पाहिलं. बुरुल डोंगराकडे बघत होती. ती त्याच्या वतीनं एक अक्षरही बोलणार नव्हती. रोटी द्यावी, चहा प्यावा, गाईंची चौकशी करून घरी जावं. कुणी काही म्हणालं नसतं. आणि मग तो कायमचा सुटला असता. सात वर्षांचा असताना याच अंगणात त्यानं शिंगरू मागितलं होतं, तसाच आवाज अखेर बाहेर पडला.

"मामा, ही मला द्या."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "ही?"

"ही."

"अरे, मेंढी माग. ती पांढरी बघ, दोन मेंढ्या घे."

"फळीच द्या, मामा."

"केस पिकले की रे तुझे!"

"पिकले. पण मागितली मी."

मामांनी सावकाश दोरी सोडली. पेंढी बर्फात उलटी केली. "भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे," ते पुटपुटले. "सातजण सात मेंढ्या घेऊन गेले असते, पण फळीला एकानंही तोंड लावलं नसतं."

बुरुलनं बूट आधीच गाडीत टाकले होते. मेदेरबेक गोठ्याजवळ बर्फात फतकल मारून बसला, पट्ट्यांतलं शेण काढलं, पाय आवळले आणि उभा राहिला. डोंगर कसला, पन्नास पावलांचा उतार. उजवा पाय पुढे गेला. पहिलं वळण शरीरानं आपलं आपण घेतलं, दुसरं घेताना त्याच्या तोंडून चक्क हसू फुटलं, आणि तिसरं घ्यायच्या आत समोर गवताची गंजी आली.

बुरुलनं कुंपण दोन्ही हातांनी धरलं होतं. "लागलं का हो?"

"लागलं!"

"कुठं?"

"सगळीकडे!" गंजीतून डोकं बाहेर आलं. दाढीत गवत होतं. त्यानं पट्टे सोडले, फळी काखेत मारली आणि तो पुन्हा चढाला लागला.

"ए भाच्या!" वरून मामा ओरडले. "वर येतोच आहेस, तर रिकाम्या हातानं येऊ नकोस. पेंढी घेऊन ये!"

संध्याकाळपर्यंत गोठ्यात अकरा पेंढ्या जमल्या. बुरुलनं त्या मोजल्या होत्या. पहिल्या चार खेपांना तो खाली येताना तिनं डोळे गच्च मिटले होते, पुढच्या सातांना मात्र उघडे होते.