गोगलगायीच्या लेखाची पोच

"हिंगे, आता जमाना ओपन अ‍ॅक्सेसचा," प्राचार्यांनी कागदावर सही ठोकली. "संशोधनाची मासिकं इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचायला मिळतात. छापील वर्गण्या बंद. आणि मला वाचक दाखवा. सत्र संपेपर्यंत वाचकवहीत सह्या दिसल्या नाहीत, तर वाचनकक्षात टेबलटेनिस लावतो आणि तुम्हाला परीक्षा विभागात धाडतो."

ग्रंथपाल चांगदेव हिंगे "बरं सर" म्हणाले आणि जिना उतरले. जुन्नरच्या त्या कॉलेजात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दुसरं उत्तर नसतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात होता, अवसरीचं घर कुलपात होतं. बाजारपेठेतल्या भाड्याच्या खोलीत एकच खुर्ची होती. वाचनकक्षात चाळीस होत्या. त्याही रिकाम्याच असायच्या, पण चाळीस रिकाम्या खुर्च्यांत बसलं की कुणीतरी येईल असं वाटतं. खोलीवर तसं वाटत नसे.

चांगदेवराव कामाला लागले. टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटने कूर्मगतीने येणारे लेख ते छापायचे, टाचायचे, आतल्या ठरावीक पानावर शिक्का मारायचे. नोंद कुठे करायची हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नियम आठवला. बिलाशिवाय आत आलेली प्रत्येक गोष्ट ही भेट, आणि भेट आली की देणाऱ्याला पोच गेलीच पाहिजे. लेखावर लेखकाचा पत्ता असायचाच. कपाटात छापील पोचकार्डांचे गठ्ठे होते: 'आपली भेट मिळाली. ती आमच्या वाचकांना अत्यंत उपयुक्त ठरली आहे. यापुढेही असाच लोभ असावा.' दोन महिन्यांत एकशे बारा कार्डं गेली.

"भाऊ, मनिला कुठं आलं?" पोस्टमन धर्माजीने विचारलं.

"समुद्रापल्याड."

"आन् तितं मराठी वाचत्यात?"

"नियम आहे, धर्माजी."

लोभ सुरू झाला. आधी पाकिटं आली, मग पार्सलं, मग धर्माजी सायकल सोडून हातगाडीच घेऊन आला. पोच मिळालेल्या लेखकांनी आपापलं आयुष्यभराचं लिखाण भक्तिभावाने धाडलं होतं. मनिलाच्या बाईंनी तर खोकंभर मासिकं पाठवली. चांगदेवरावांनी त्यांचीही इमानेइतबारे पोच दिली, त्यामुळे दुसरं खोकं आलं.

"कागद बंद करायला इंटरनेट घेतलं ना आपण?" प्राचार्य गठ्ठ्यांतून वाट काढत गरजले. "वाचक कुठाय?"

वाचकवहीत त्या सत्रात एकच सही होती, तीही पेपरात क्रिकेटचा स्कोअर बघायला आलेल्या क्लार्कची.

अशात भंडाऱ्याहून पत्र आलं. निवृत्त प्राध्यापक सुदर्शन मेश्राम लिहीत होते: 'भातशेतीतील गोगलगायींवरचा माझा लेख तुमच्या वाचकांना उपयुक्त ठरला, हे वाचून डोळे भरून आले. पुण्याला मुलीकडे येतो आहे. येत्या गुरुवारी वाचकांना भेटायला जुन्नरला येईन.'

भेटायला वाचक तर एकही नव्हता. बुधवारी चांगदेवरावांनी दिसेल त्याला वाचक म्हणून बसायची गळ घातली, पण गुरुवारी मॅच होती. शेवटी झाडू मारणारी लंकाबाई सापडली. ती आपटाळ्यापलीकडच्या डोंगरातली.

"लंकाबाई, तासभर खुर्चीत बसायचं. हा कागद हातात धरायचा. बोलायचं काही नाही."

"मला वाचाया येत न्हाई, भाऊसाहेब."

"त्याची गरज नाही."

मेश्राम सर एसटीने आले. बारीक चणीचे, इस्त्रीचा सदरा, पिशवीत संत्री. चाळीस खुर्च्यांवर नजर फिरवून ते लंकाबाईंसमोर बसले आणि हळूच म्हणाले, "लेख छापल्यापासून एकोणीस वर्षांत तुमचंच पहिलं कार्ड आलं जी. फ्रेम करून लावलं मी. तुम्हाला कोणता भाग आवडला, ग्रंथपालसाहेब?"

चांगदेवरावांनी शीर्षकाच्या पुढे एक ओळ वाचलेली नव्हती. घाम पुसत ते म्हणाले, "शेवट."

"शेवट?" मेश्राम सर चमकले. "तिथे तर मी हात टेकले आहेत. पाऊस सरल्यावर गोगलगायी नेमक्या कुठे जातात, हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही."

"जात्यात कुठं?" लंकाबाईंना राहवलं नाही. "बांधातच ऱ्हात्यात की. दगुड उलाटला का दिसत्यात. तोंडाला पापुद्रा लावून गप पडल्याल्या असत्यात. मेली म्हून टाकून द्यावी, तर पावसात हिंडाया लागती."

"किती महिने?"

"आमच्याकडं आट महिनं. बांधावं राक टाकली का मग खाचरात येत न्हाईत. लई खोडील जात हाय."

मेश्राम सरांनी वही काढली. दोघं दोन तास बोलत होते आणि चांगदेवराव संत्री सोलून देत होते. जाताना सरांनी वाचकवहीत सही केली आणि लंकाबाईंचा अंगठा घेतला. मग ते चांगदेवरावांचा हात बराच वेळ धरून उभे राहिले. त्यांना खरं सांगायचं चांगदेवरावांना धाडस झालं नाही, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी ते खोलीवर गेले नाहीत. डिक्शनरी घेऊन लेख वाचायला बसले. इंग्रजीतली सहा पानं, तीन संध्याकाळी लागल्या.

सत्र संपताना प्राचार्यांनी वही पाहिली. "ही चौथी सही कुणाची?"

"माझी, सर."

"तुम्ही कर्मचारी आहात."

"साडेपाचपर्यंत, सर."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग अहवालात लिहिलं: 'ओपन अ‍ॅक्सेसमुळे वाचकसंख्येत चौपट वाढ.' टेबलटेनिस पुढच्या सत्रावर गेलं.

चांगदेवरावांनी मात्र भंडाऱ्याला पोचकार्ड पाठवलं नाही. कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'सर, शेवट आवडला असं मी न वाचताच म्हणालो होतो. आता वाचला. "दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत असे समजू नये," हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. शेवट खरंच चांगला आहे.'

 खाली कार्डावरचीच ओळ त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिली: यापुढेही असाच लोभ असावा.