सुभेदारांची पदकं आणि कवळीवाले जावई

"पदकं माझ्याकडे सोपवा! उद्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात लोकांचे डोळे दिपले नाहीत तर नाव बदलीन!" जावईबापूंनी जेवता जेवता जाहीर केलं.

त्यांच्या सासुरवाडीत जो जन्माला आला तो पलटणीत गेला. पाळण्यातच बुटाचं माप घेत असावेत! त्यात हे एकटेच कवळ्या बनवणारे. तळपाय सपाट म्हणून सैन्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. शौर्याचं राहू द्या, पण चकाकीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी घासलेली कवळी घालून म्हातारी माणसं उगाचच हसत सुटायची!

"अहो, नुसती पुसून ठेवा हं!" बायको आतून ओरडली. पण पॉलिशचं मशीन घुर्रर्र करत केव्हाच सुरू झालं होतं.

फिती साबणात भिजल्या. पदकं चाकाखाली गेली. तासाभराने जावईबापू अभिमानाने बाहेर आले. बायकोने एक पदक उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"अहो, नाव कुठंय?"

"कसलं नाव?"

"कडेला कोरलेलं! पणजोबांचं, आजोबांचं, बाबांचं! आणि मधला सिंह कुठे गेला?"

सिंह पळाला होता. उरल्या होत्या तीन गुळगुळीत चकत्या आणि एकमेकींचा रंग लागून गुलाबी झालेल्या तीन फिती.

"तूच म्हणालीस ना, पुसून ठेवा!"

"धूळ पुसायला सांगितली होती! घराण्याचं नाव पुसायला नाही!"

तेवढ्यात सासरे, म्हणजे निवृत्त सुभेदार, दारात उभे राहिले.   खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही पदकं तळहातावर घेऊन बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

"स्वतःचं डावीकडे लावायचं, वाडवडिलांची उजवीकडे," ते हळूच म्हणाले. "आता ओळखायचं कसं?"

जावईबापूंनी घाबरत एक पदक उजेडात धरलं. "बाबा, याच्या कडेला दातांच्या खोल खुणा अजून आहेत. खालचे पुढचे दोन. दुधाचे."

सुभेदारांच्या मिशा हलल्या. "मग ते माझ्या आजोबांचं. लहानपणी मी बिस्कीट समजून चावलं होतं."

उरली दोन. एक त्यांचं, एक वडिलांचं. त्यांनी दोन्ही हातांत तोलून पाहिली आणि एक कोटावर डावीकडे लावलं.

"चुकून तुमच्या वडिलांचं तिकडे लागलं असेल तर?" लेकीने विचारलं.

"तर ते उद्या माझ्या जागी हजर राहतील, असं समजू."

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात जनरलसाहेब रांगेतून येता येता नेमके सुभेदारांसमोर थबकले. पदकाकडे वाकून बघू लागले. मागच्या खुर्चीत जावईबापूंचा जीव टांगणीला! जनरलसाहेबांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. पदकात बघून स्वतःच्या मिशीचं टोक नीट वळवलं आणि खूश होऊन पुढे गेले!

 परतताना सुभेदार जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला सैन्यात घेतलं नाही ते फार बरं झालं."

"का हो, बाबा?"

"तुम्ही तोफा घासून घासून त्यांच्या सुया केल्या असत्या!"