रॉसचं गाव

आमचे शेजारी वसंतकाका केळवेकर कुणालाही 'कसा आहेस?' म्हणून विचारत नाहीत. थेट आडनाव विचारतात. अच्छाडच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्या सरदारजीला 'तुमच्या आडनावाचं गाव कुठलं?' म्हणून त्यांनी इतकं पिडलं, की बिचारा जेवण अर्धं टाकून उठला. "आडनाव उकला, गाव सापडतं," हे त्यांचं पालुपद. अख्ख्या बोर्डीत त्यांनी न उकललेलं आडनाव उरलेलं नाही.

दोन हजार सतराची गोष्ट. त्यांची एकुलती एक मुलगी अमृता स्कॉटलंडला नर्स होती. तिने फोनवर सांगितलं, तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलंय. मालतीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. आम्ही शेजारी लगेच हजर. काका काय तांडव करतात ते बघायला, खोटं कशाला बोला!

काकांनी एवढंच विचारलं, आडनाव काय? रॉस.

झालं! काका जे मोबाइलला चिकटले, ते आनंदाने नाचतच उठले. रॉस आडनावही आहे आणि तिकडचा मुलूखही! त्यांच्या जुन्या गेलिक बोलीत रॉस म्हणजे समुद्रात घुसलेली जमीन. "तिन्ही बाजूंनी पाणी! अगं, आपल्यासारखाच किनाऱ्यावरचा माणूस!" एसटीच्या कंडक्टरला सांगून झालं, पोस्टमनला सांगून झालं. चिंचणीच्या कोळीणमावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि जावई मासे खातो का, तेवढं विचारलं.

लग्नानंतर जोडपं बोर्डीला आलं. चहा हातात पडायच्या आत काकांनी रॉसचा विषय काढला. जावई हसला. रॉस त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पणजोबांच्याही आधी घराणं तिथून उठलेलं. यांचं घर आत डोंगरात, समुद्र गाडीने तासाभरावर. अमृताने हे मराठीत सांगितलं आणि काकांनी मोबाइल खिशात टाकला. अभ्यास फसला म्हणून खट्टू झाले असतील, असं आम्हाला वाटलं.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर फिरायला गेले, तर भरतीच्या पाण्यात काका उभे! पँट मांडीपर्यंत भिजलेली, मोबाइल लाटांपुढे धरलेला.

"काय काका, समुद्राचं आडनाव विचारताय?" मी ओरडले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्यातून बाहेर आले.

"अमृताला पाठवतोय. लहानपणापासून लाटांचा आवाज नसला की तिला झोप लागत नाही. मला वाटलं होतं, रॉस म्हणजे तिथे समुद्र असेलच." त्यांनी मोबाइल सदऱ्याला पुसला. "यात तुझं ओरडणं आलं. आता जरा गप्प राहशील?"

ते पुन्हा पाण्यात शिरले. मी कसली बोलतेय!