डोळे मिटून बघायचा उडवा

माणसाला शांततेची गरज असते, पण ती त्याला स्वतःहून कळत नाही; त्यासाठी समिती नेमावी लागते. मंठा तालुक्यातल्या आमच्या गावात अशी समिती गेल्या उन्हाळ्यात स्थापन झाली. नाव 'निसर्ग-मौन सामूहिक कलाकृती समिती', अध्यक्ष भुजंगराव. (भुजंगराव शांततेसाठी प्रसिद्धच आहेत. ते बोलतात तेव्हा बाकी सगळे शांत असतात.)

पुण्याहून एक कलावंत मॅडम आल्या. त्यांनी नदी पाहिली (कोरडी), डोंगर पाहिला (खडीसाठी फोडून संपत आलेला) आणि शेवटी गोजरबाईच्या अंगणात थबकल्या. तिथं गोवऱ्या वाळत होत्या. प्रत्येकीवर पाच बोटांचा ठसा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. गोवऱ्यांनी आमच्याही डोळ्यांत पाणी येतं, पण आधी त्या पेटवाव्या लागतात.

ठराव झाला. प्रत्येक घरानं गोवऱ्या द्यायच्या, शाळेसमोर त्यांचा दोन पुरुष उंच उडवा, म्हणजे ढीग, रचायचा आणि त्याच्यासमोर बसून लोकांनी अंतर्मुख व्हायचं. सहभाग ऐच्छिक होता. (ज्यांना इच्छा झाली नाही त्यांच्या दारात भुजंगरावांचा ट्रॅक्टर गेला.) गोजरबाईचं अख्ख्या पावसाळ्याचं जळण त्यात गेलं. तिच्याकडं गॅसची टाकी आहे, रिकामी. पाव्हणे आले की तिच्यावर बसतात.

"मंग पाणकळ्यात मी चुलीत काय घालू?" गोजरबाईनं विचारलं.

"मावशी, तुमचा हात आता कलेत आलाय," मॅडम म्हणाल्या.

"हात ठिवा तुमच्याकडं. गोवऱ्या वापस द्या."

"गोजरकाकू," भुजंगराव म्हणाले, "जिल्ह्याची माणसं येऊन राह्यली. इज्जतीचा सवाल हाय. गप बसा!"

मॅडमना हे दोन शब्द इतके आवडले, की कलाकृतीचं नावच 'गप बसा' ठरलं. पाटीही लगेच रंगली.

नियम तीनच होते. उडव्याला हात लावू नये. चपला बाहेर काढाव्यात. (उघड्या मैदानात बाहेर कुठं, ते अजून ठरलेलं नाही.) आणि घंटा वाजली की डोळे मिटावेत, दुसरी घंटा होईपर्यंत उघडू नयेत. हा तिसरा नियम खुद्द भुजंगरावांचा. फोटोत शिस्त दिसावी म्हणून.

उद्घाटनाला पार भोकरदनपासून लोक आले. प्राध्यापक आले, बियाणांचे व्यापारी आले, सळईचे कारखानदार आले. घंटा वाजली. सगळ्यांनी डोळे मिटले. गोजरबाईनं मिटले नाहीत. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि पदर पसरला.

तेवढ्यात दैवशाला, तिची धाकटी जाऊ, रिकामं टोपलं घेऊन हजर.

"ओ बाई, ती माझी हाय. बोटं बघा की. अंगठा वाकडा."

"घे गं तुझा अंगठा. आन जल्दी कर, घंटा व्हईल!"

"वरची काढा ना. माझा हात पुरून न्हाई राह्यला."

"माझ्या खांद्यावर चढ मंग. हसू नको, मुडदे! पडशील त्या पाव्हण्याच्या टकलावर."

ही कुजबुज ध्यानस्थांच्या कानी गेली. भाषणात एका प्राध्यापकांनी सांगितलं, की आपल्याला पृथ्वीचा हुंकार ऐकू आला. कारखानदार म्हणाले, हुंकाराला वास पण होता.

मग रोज घंटा होऊ लागली, रोज उडवा बुटका होऊ लागला. समितीनं अभ्यास केला. निष्कर्ष असा: बघणाऱ्याच्या मनावरचा भार उतरतो तसतशी कलाकृती हलकी होते. शंभरातल्या नव्याण्णव जणांना हा फरक आतून जाणवला. शंभरावे भुजंगराव, ते घोरत होते.

मिरगाच्या आधी मैदान बिलकुल साफ झालं. गोजरबाईच्या छपराखाली तिची बोटं बराबर रचून झाली, वरून शेणानं लिंपूनही झाली. इकडं रिकाम्या मैदानाला पुरस्कार जाहीर झाला. परीक्षक म्हणाले, इतकं धीट मौन आम्ही आजवर पाहिलेलं नाही.

भुजंगराव गळ्यात हार घेऊन घरी आले, तर चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं.

"जळण कुठलं गं हे?"

"गप बसा," बायको म्हणाली.

आता ही कलाकृती तुमच्या शहरात यावी अशी मागणी आहे. तुम्हाला काही शिकावं लागणार नाही. घंटा वाजली की डोळे मिटायची सवय तुम्हाला आहेच. फक्त एक सूचना. आमच्या बायकांनी आपापल्याच गोवऱ्या उचलल्या. तुमच्याकडं उचलणारे ठसा बघून उचलतात की कसं, ते डोळे मिटण्याआधी विचारून घ्या.