पोलंडच्या मावशीची भाची

कुमुदआतेला नातेवाईक फार. झाशीला वयनी, इंदूरला आते, कंदील घेऊन जखमी सैनिकांमधून हिंडणारी विलायतेची बहीण, आणि सगळ्यांत लाडकी पोलंडची मावशी. ती स्वतः मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

आम्हाला हे आधी ठाऊक नव्हतं. आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, म्हणून गोव्यात सर्वणला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. शेजारच्या घरात कुमुदआते, धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ म्हणजे विठूशेट, गावातला दुकानदार. आतेचं लग्न झालेलं नव्हतं.

आम्ही येऊन आठवडा झाला असेल. आते सोप्यावर पदर डोळ्यांना लावून बसलेली. आईनं विचारलं, "काय झाला?"

"कितें सांगूं गो! पोलंडच्या मावशीचो घोव गेलो. घोडागाडयेखाला सांपडलो. दोन ल्हान चेडवां मागें."

आई मालवणी काळजाची. ती धावत घरात गेली, चहा करून आणला, आतेच्या पाठीवरून हात फिरवला, आपला मामा कसा गेला तेही सांगून रडली. दोघींचं रडून झाल्यावर आईनं हळूच विचारलं, "कधी झाला ह्या?"

"खूब वर्सां जालीं," आते नाक पुसत म्हणाली, "पूण हांवें आज वाचलें."

मग उलगडा झाला: पोलंडची मावशी म्हणजे पुस्तकातली, रेडियम शोधणारी. मुलांसाठी लिहिलेली थोर स्त्रियांची बारकी बारकी चरित्रं असतात ना, मोठ्या अक्षरातली, वर रंगीत चित्र असलेली, ती आते म्हापशाहून आणायची. संध्याकाळी आम्हा पोरांना सोप्यावर बसवून मोठ्यानं वाचायची. वाचायची म्हणजे भांडायचीच जास्त. पुस्तकात असायचं, 'राणी पहाटे उठून तलवारीचा सराव करी.' आते चष्मा वर ढकलून विचारी, "आनी च्या? च्या घेतली काय ना? हे पुस्तकां बरोवपी एक हुशार! बाय शूर, बाय हुशार, बाय देखणी, सगळें सांगतात. बाय जेवली काय ना, तें कोणूच सांगना."

विठूशेट दुकानातून ओरडायचे, "आमचे बायेचीं सोयरीं व्हड, पूण चवथीच्या कामाक एकय येना!"

ते दिवस गोव्याचं वेगळं राज्य आणि राजभाषा यांच्या आंदोलनाचे होते. विठूशेटच्या दुकानाच्या पायरीवर रोज मराठी की कोकणी यावर खणाखणी. सकाळी एकमेकांचे शेजारी असलेले लोक संध्याकाळी एकमेकांचं तोंड बघत नसत. एकदा दोन्हीकडच्यांनी मिळून आतेला गाठलं. बाय, तू नक्की कुणाच्या बाजूची?

"वाचतां मराठींत, झगडटां कोंकणींत," आते म्हणाली. "तुमकां खंयचें जाय? वाचूं काय झगडूं?"

सगळे तांदूळ घेऊन घरी गेले.

मी सातवी पास झाले तेव्हा माझा भाऊ बाबी वर्षाचा होता. आईला लाटंबार्श्याला शेतावर काम मिळालं. सकाळी जायची ती दिवेलागणीला परत. बाबीकडे बघायला घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी मी, हे कुणी बोलून न दाखवताच ठरलं. माझं दप्तर आईनं धुऊन वाळत घातलं, आता त्यात कांदे ठेवता येतील म्हणून. मी रडले नाही. आमच्याकडे सगळ्याच मुलींचं असं व्हायचं.

आतेला माझ्याकडूनच कळलं. संध्याकाळी ती तरातरा आमच्या दारात आली. बाबा जेवत होते. अवघड घाटात ट्रक घालणारा माझा बाप आतेला बघून ताट घेऊन सरळ बसला.

"चेडवाची सातवी झाली, आते," ते म्हणाले. "आता आनी शिकान काय करतला?"

"तुजो ट्रक घाटयेर अर्द्या वाटेर बंद पडलो जाल्यार तूं थंयच सोडून येता?"

"तां कसा? मालक मारतलो माका!"

"मागीर चेडवाक कित्याक अर्द्या वाटेर देंवयता?"

बाबा भात कालवत राहिले. शेवटी म्हणाले, "पन बाबीक कोण सांबाळतला?"

"हांव."

"तुमी? ह्या वयात?"

"झाशीच्या वयनीन भुरगो पाठीक बांदून घोडो धांवडायलो," आते म्हणाली. "हांगा घोडोय ना आनी इंग्रजय ना."

दुसऱ्या दिवसापासून बाबी तिच्या कमरेवर. तिची कंबर दुखायची, ती वाकून चालायची, पण बाबीला खाली ठेवायची नाही. त्याला पेज भरवताना लढाया सांगायची. तो 'आई' म्हणायच्या आधी 'राणी' म्हणाला, याचा आईला बरेच दिवस राग होता. कुणी "बाबी, आवय खंय गेली?" असं विचारलं तर तो खुशाल सांगायचा, "पोलंडाक!"

आज मी कारापूरला शाळेत शिकवते. माझ्याकडे जे काही आहे, ते त्या दुखऱ्या कमरेवर उभं आहे. आतेला एकदा तसं म्हणाले, तर तिनं मला झाडूच दाखवला.

दहावीचा माझा शेवटचा पेपर डिचोलीला होता. बाबीला विठूशेटकडे ठेवून आते माझ्याबरोबर आली आणि तीन तास फाटकाबाहेर आंब्याखाली बसून राहिली. मी बाहेर आले. पेपर कसा गेला हे तिनं विचारलंच नाही.

"भितर आतां कोण आसा?"

"कोणी नाही."

"वचूं येता?"

आम्ही वर्गात गेलो. आतेनं चपला दाराबाहेर काढल्या. माझा बाक कुठला ते विचारलं आणि तिथं बसली. गुडघे नीट मावेनात, तशी तिरकी झाली. दोन्ही हात समोर ठेवले.

"हांव दुसरेंत आसली," ती म्हणाली. "देवळांत शाळा भरताली. बाकां नासलीं, गोणपाटार बसतालीं. मागीर विठू जल्मलो. आवय शेतांत वताली. ताका कोण घेतलो?"

मी शेजारच्या बाकावर बसले.

"विठूक खबर ना," ती घाईनं म्हणाली. "सांगूं नाका हां. ताका वायट दिसतलें."

शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला. "बाये, बंद करपाचें आसा."

फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं गणित होतं. आते त्याच्याकडे बघत राहिली.

"मातशें थांब रे पुता," ती म्हणाली. "हांव आतांच आयल्यां."