माझ्या रागाची डॉक्टर गाडी शिकते

राग? तो आता माझ्या मुठीत आहे! खोटं वाटत असेल तर आमच्या हिला विचारा. पूर्वी मी नुसता खाकरलो तरी मांजर कपाटाखाली शिरायचं. हल्ली माझ्या मांडीवर घोरतं!

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा चुकला की असा ओरडायचो, की शेजारच्या गाड्याही ब्रेक मारायच्या! शेवटी मालक म्हणाले, "आणखी एक जण रडत उतरला, की तुम्हीही उतरायचं. कायमचं!"

नोकरी जायची वेळ आली, तेव्हा गेलो मुकाट्यानं समुपदेशक बाईंकडे. काय ती शांत बाई! बाळाला थोपटल्यासारखा आवाज. "राग आला की डोळे मिटा, खोल श्वास घ्या, अंग सैल सोडा." मी असा काही निवळलो, की बाईंनी खूश होऊन माझ्याकडेच शिकवणी लावली!

पहिल्याच दिवशी ऐन चढावर बाईंनी गाडी बंद पाडली. मागे टेम्पो, त्याचा भोंगा सुरू.

"मॅडम, चावी फिरवा," मी मधाळ आवाजात म्हणालो.

बाईंनी वायपर सुरू केले.

"चावी, मॅडम."

आता काचेवर पाण्याची पिचकारी! माझ्या कानशिलात ठणठण सुरू झालं. लगेच डोळे मिटले, श्वास घेतला, अंग सैल सोडलं. अंगाबरोबर माझ्या बाजूच्या ब्रेकवरचा पायही सैल सुटला! बाईंचा तर कधीच सुटला होता. गाडी मागे गेली ती थेट टेम्पोवर. धाडकन!

"डोळे काय मिटता?" बाई किंचाळल्या.

"अहो, तुम्हीच सांगितलं होतं..."

"ते खुर्चीत बसून!"

आणि दार आपटून त्या थेट टेम्पोवाल्यासमोर!

"भोंगा कसला वाजवतोस रे? दिसत नाही?"

"बाई, मी उभाच होतो. तुम्ही मागं आलात."

"येणारच! मी शिकतेय!"

बाईंनी त्याच्या टेम्पोच्या दारावर दणादण बुक्के घातले. मी दंडाला धरून त्यांना मागे ओढत होतो. बघ्यांची ही गर्दी!

टेम्पोवाल्यानं हळूच विचारलं, "घरच्या का तुमच्या?"

"छे हो! माझा राग घालवणाऱ्या डॉक्टर आहेत."

त्यानं आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाप रे! म्हणजे तुमचा केवढा असेल!"

एवढं बोलून मेला हसला हो! पुढचं काय सांगू? गाडी बघ्यांनीच ढकलून कडेला लावली. आम्ही दोघं कामात होतो. टेम्पोच्या एका दारावर बाईंचे बुक्के, दुसऱ्यावर माझे!